बोट लागली बारीला

जगात बाऱ्या दोन आहेत. एक आपली, कळसूबाईच्या पायथ्याची. तिथे भात पिकतो, पाऊस मुसळधार पडतो आणि उरलेल्या दिवसांत गावातली माणसे डोंगराकडे बघत बसतात. दुसरी बारी इटली देशात, समुद्राच्या काठावर. तिथे मोठमोठ्या बोटी लागतात, पलटणी उतरतात आणि उतरल्या की रेल्वेत बसून पुढे जातात. राजूरच्या माणसांना पहिलीच ठाऊक होती. दुसरीची गरज आजवर कुणाला पडली नव्हती.

ती पडली चव्वेचाळीस सालच्या शिमग्याआधी, भर बाजारात, बिबीजानच्या बांगड्यांच्या पालात.

चांगुणा बांगड्या भरायला बसली होती. मांडीवर रतन होती. रतन म्हणजे तिची पहिली लेक. नुकतेच खालचे दोन दात आलेली, आणि त्या दातांचा सगळ्या दुनियेवर अंमल बसवायला निघालेली. चांगुणाचा नवरा गोरक्षनाथ पलटणीत गेला तेव्हा ही पोटात होती. बापाने लेक पाहिली नव्हती आणि लेकीला बाप म्हणून काही असते याचा पत्ता नव्हता. पण हनुवटीवरची खळी मात्र तिने बापाचीच उचलली होती. रतन हसली की ती खळी अशी काही खोल जायची की चांगुणाला चुलीपुढे बसल्या बसल्या एकदम नवऱ्याची आठवण यायची आणि भाकरी करपायची. सासूने करपलेल्या भाकरीचे कारण कधी विचारले नाही. पण ती भाकरी मात्र नेमाने चांगुणाच्याच ताटात वाढली.

"हात ढिला सोड, बेटी," बिबीजान म्हणाली. "हात हाय का मुसळ? हां, आता कसं. तुझ्या मालकाची खबर हाय माझ्याजवळ."

चांगुणाची मूठ गच्च आवळली आणि बांगडी कट्‌कन गेली.

"वाढली," बिबीजान म्हणाली. ज्या बाईचा नवरा लढाईवर आहे तिच्या बांगडीला 'फुटली' म्हणायची काय बिशाद? काच हळूच पालाबाहेर टाकून तिने पुन्हा हात धरला. "माझा शमशेर आल्ता परवा. देवळालीला असतोय आता, पाय दुखावला म्हनून धाडला माघारी. मिसरात तुझा गोरक्ष आन् तो एकाच छावनीत हुते. गोरक्षची पलटन बोटीत बसनार हाय, म्हनाला. आज-उद्या, शिमग्याच्या आत, बारीला उतरनार आन् तिथनं रेल्वेनं फुडं जानार."

"बारीला?"

"बारीला."

"आपल्या बारीला?"

"बारी म्हंजी बारी. किती बाऱ्या अस्त्यात?" बिबीजान म्हणाली. "मी इचारनारच हुते, पन त्याला लॉरी माघारी न्यायची हुती. भाकर तोंडात धरून गेला, आईला सलाम बी धड केला न्हाई."

तेवढ्या वेळात रतनने आपला बाजार करून घेतला होता. लढाईमुळे काचेचा माल येईना, म्हणून बिबीजानने लाखेच्या बांगड्या मांडल्या होत्या. त्यातली एक लाल बांगडी रतनच्या तोंडात होती. उन्हाने लाख मऊ झालेली. तीवर दोन दात रुतून दोन नीटस खड्डे पडले होते. बिबीजानने ती ओढून घेतली, लाळ पदराला पुसली आणि उजेडात धरून पाहिली.

"आता ही कोन घेनार? गिऱ्हाईक म्हनंल बांगडीवाली उंदरं पाळतीया." रतनने ओठ काढले तशी तिने ती परत तिच्या हातात दिली. "घे बाई, तुलाच घे. सरकारी शिक्का मारलायस."

चांगुणाला हे काही ऐकू आले नाही. ती मनातल्या मनात बारीच्या वाटेला लागली होती.

घरी सासरे कानिफनाथ ओसरीवर दोर वळत होते. पंचक्रोशीत रेल्वेविषयी काही अडले तर लोक कानिफनाथांकडे येत. ते रेल्वेत कधी बसले नव्हते. पण दरसाल बैलगाडीने भात घेऊन ते घोटीला जात, आणि भात विकून झाला की फलाटाबाहेर बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघत. बसलेल्या माणसाला गाडीतले दिसते, गाडी दिसते ती बाहेरच्याला, असे त्यांचे म्हणणे.

चांगुणाने सासूला सांगितले, सासूने सासऱ्यांना सांगितले. सासू रंगुबाई. तिच्या जिभेला धार होती, पण ती विळ्यासारखी, जवळचेच कापायची.

"बारीला बोट?" रंगुबाई म्हणाली. "कळसूबाईच्या अंगावर चढून येनार का?"

कानिफनाथांनी दोर बाजूला ठेवला. "भंडारदऱ्याच्या धरनात साहेबाची बोट हाय का न्हाई?"

"हाय."

"धरनापलीकडं डोंगर वलांडला की बारी हाय का न्हाई?"

"हाय."

"मग?"

"मग काय मग? पोरगा हाय मिसरात. मिसर काय शेंडीच्या वाडीम्होरं हाय?"

कानिफनाथांनी सुपातला एक कांदा घेतला, एक लसूण घेतला, पाण्याचा तांब्या घेतला आणि जमिनीवर राखेने एक लांब रेघ ओढली. "ह्यो तांब्या समुद्र. समुद्रातनं बोट शिरती गोदावरीत. गोदावरीतनं प्रवरेत. नेवासं आलं, संगमनेर आलं, अकोलं आलं, आन् हितं धरन. नदी खाली जाती तर बोट वर याला काय झालं?"

"शिमग्याला प्रवरेत गुडघाभर पानी नसतं."

"मिल्ट्रीची बोट हाय. तिला गुडघाभर पुरतं."

"आन् रंध्याचा धबधबा?"

इथे कानिफनाथ थांबले. रंध्याचा धबधबा म्हणजे काही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. त्यांनी कांद्याकडे पाहिले, लसणीकडे पाहिले. "तितं शिपाई खाली उतरत्यात," ते शेवटी म्हणाले, "आन् बोट खांद्यावर घेत्यात. येवढे शिपाई सरकारनं नेलेत ते कशाला?"

कानिफनाथांना जोर चढला. "ही लसूण बारी. बारीला रेल्वे न्हाई. रेल्वे घोटीला. म्हंजी बारीला उतरून पायी घोटी, ह्यो कांदा, आन् घोटीला गाडी. फुडं जानार म्हनालाय ना? आता फुडं म्हंजी मुंबई का फुडं म्हंजी नाशिक, येवढंच बघायचं ऱ्हायलं."

"ते कसं बघायचं?"

"फलाटावर मान्साचं तोंड जिकडं, ते फुडं."

"आन् तोंड फिरवलं तर?"

"तर ते फुडं. रेल्वेत माघारी असं काय नस्तंच. डबा आन् डबा फुडंच जातो."

रंगुबाईच्या ध्यानात दुसरेच काही आले होते. "म्हंजी बारीपतोर येनार," ती म्हणाली, "आन् आईच्या दारात न यीता तसाच फुडं जानार?"

चांगुणा दाराआड उभी होती. तिला हे बिबीजानच्या पालातच उमगले होते. इतक्या जवळून माणूस जाणार. डोंगरापलीकडून. लेक बघितल्याशिवाय. सासऱ्यांपुढे बोलायची रीत नव्हती. पण या घरात एक असे माणूस होते की त्याच्याशी कुणीही, कुणासमोरही बोलू शके. चांगुणाने त्याला कडेवर घेतले.

"रतने," ती मोठ्याने म्हणाली, "आजोबांना सांग, ह्या वक्ताला तुला बघितलं न्हाई तर लढाई काय आपल्यासाठी थांबत न्हाई. तू चालाय लागशील, बोलाय लागशील, तुझी खळी बुजंल, आन् मग ते आल्यावर इचारतील, ही पोर कुनाची."

रतनने बांगडी चावत आजोबांकडे पाहिले. कानिफनाथांनी घसा साफ केला.

"रतने, आयेला म्हनावं, खळी बुजत नस्ती. माझी अजून हाय, दाढीत हाय. आन् तिला म्हनावं, उद्या गाडी जुंपतो."

मग रंगुबाईने पुरण शिजत घातले. शिमग्याला अवकाश होता, पण पोरगा आला की शिमगा, असे ती म्हणाली. शिवाय नाचणीच्या भाकरी, लसणीची चटणी आणि एक गोधडी. बोटीत ओलसर झालेल्या माणसाला घोटीचा वारा बाधतो. कानिफनाथांनी विचारले, सरकार शिपायाला गोधडी देत नसेल का. "सरकार देत असंल," रंगुबाई म्हणाली, "पन सरकारची आई शिवत नसंल."

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली तर वेशीवर बिबीजान टोपली घेऊन बसलेली.

"तू कुठं गं?" रंगुबाईने विचारले.

"खबर कुनी आनली? मी. मग मला नको का बघाय खरी निघती का खोटी? आन् बारीच्या बायांना काय हात न्हाईत?" असे म्हणून ती चढली आणि पुरणपोळ्यांच्या गाठोड्याला टेकून बसली. रंगुबाईने ते गाठोडे तिच्यामागून ओढून काढले.

वाटेत रतनने सगळ्यांना कामाला लावले. चाक खड्ड्यात गेले की ती खदखदून हसायची, म्हणून कानिफनाथ बघून बघून गाडी खड्ड्यात घालू लागले. बिबीजानच्या टोपलीतून काचांचा आवाज येऊ लागला तेव्हा तिने हात जोडले. मग रतन झोपली. झोपेत ओठ चोखत होती, आणि मुठीत लाखेची बांगडी. चांगुणा तिच्यावर पदराची सावली धरून तिच्याकडे बघत राहिली. टाळूवर जावळ घामाने चिकटले होते. त्याला दुधाचा आणि धुळीचा असा एकत्र वास येत होता, आणि तिला वाटले, बाकी सगळे सांगता येईल माणसाला, हा वास कसा सांगायचा?

धरणावर पोचल्यावर कानिफनाथांनी छाती पुढे काढली. बोट होती. काठाला बांधलेली, वर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर एक कोंबडी. राखणदार शेजारी विडी ओढत बसला होता.

"पलटन उतरली का?" कानिफनाथांनी विचारले.

"कसली पलटन?"

"मिल्ट्रीची. ह्याच बोटीनं."

राखणदाराने बोटीकडे पाहिले. कोंबडीकडे पाहिले. सरकारी नोकराने कुठल्याही गोष्टीला ठाम नाही म्हणू नये, हे त्याला मुरलेले होते. "मी जेवाय गेल्तो," तो म्हणाला.

एवढे पुरले. कानिफनाथांनी बैल हाकले. रात्री शेंडीच्या वाडीत ओळखीच्यांकडे पाठ टेकून मंडळी सकाळी बारीला आली, तर तिथे पारावर माणसे नेहमीसारखी डोंगराकडे बघत बसलेली. बोटीचे नाव काढल्यावर आधी ती हसली. पण राजूरहून गाडी जुंपून माणसे विचारायला आली म्हटल्यावर तिथल्या एका म्हाताऱ्याला वाईट वाटले.

"लागत असंल की बोट," तो म्हणाला. "आमच्या गावाला काय लागू नये का? फकस्त आमाला कोन सांगतंय. तलाठी आल्याला बी आमाला मागनं कळतंय."

"म्हंजी उतरून गेली," कानिफनाथ म्हणाले.

"गेली आसंल बा."

चांगुणाने रतनला उराशी धरले आणि पहिल्यांदाच रतनला मध्ये न घालता बोलली. "मामंजी, बैल जरा पळवा."

कानिफनाथ इतके चकित झाले की त्यांनी बैल पळवले.

घोटी आली तेव्हा ऊन चांगले तापले होते, आणि स्टेशनात गाडी उभी होती. साधी गाडी नव्हे, खिडकीखिडकीतून खाकी. डबेच्या डबे शिपायांनी भरलेले, मुंबईकडे तोंड करून. पुढे इगतपुरीला लाइन मोकळी नव्हती म्हणून सिग्नलने अडवलेली. रंगुबाईला हुंदकाच फुटला. बिबीजान म्हणाली, "बघ, खोटी निघाली का माझी खबर?"

कानिफनाथांनी फलाटावर उभे राहून फौजेची वाटणी केली. आयुष्यभर ज्या गाडीकडे बाहेरून बघितले ती आज उपयोगी पडत होती. "मी इंजिनाकडं. तू मधी. बिबीजान, तू पल्याडच्या बाजूला. सूनबाईनं शेवटचं डबं बघायचं. पदर वर घे म्हनावं, न्हाईतर आपलाच नवरा वळखायचा न्हाई."

चांगुणा पळाली. कडेवर रतन, पायात धूळ. एका एका खिडकीशी ती लेकीला उंच धरी आणि आत बघे. आत मिशा होत्या, पगड्या होत्या, पत्ते खेळणारे होते, झोपलेले होते. कुणाच्याच हनुवटीवर ती खळी नव्हती. अगदी मागच्या डब्याच्या खिडकीत एक उंच शिपाई चहा पीत होता. त्याने पेला खाली ठेवला.

"काय ताई, पोरगी भरती करायची का?"

मराठी ऐकून चांगुणाच्या डोळ्यांत पाणी आले. "आमच्या मालकांना बघतीया."

"हितं सगळेच कुनाचे तरी मालक हायेत. नाव काय?"

आणि इथे सगळे अडले. नवऱ्याचे नाव काय तोंडाने घ्यायचे असते? लग्नात घेतले होते, बारशाला घेतले होते. तेही उखाण्यात, आणि दोन्ही वेळी उखाणा आईने घोकून घेतलेला. सासू तिकडे मध्ये, सासरे इंजिनापाशी. बिबीजान पल्याडच्या बाजूला, आणि तिथून तर बांगड्यांचा भाव ऐकू येत होता.

"नाव सांगा की, ताई. सिग्नल पडंल."

तिने मान खाली घातली.

"रुसली काय रं ही?" आतून दुसरा म्हणाला.

"रुसली न्हाई, येड्या. नाव घीत न्हाईत त्या," उंच शिपाई म्हणाला. "घरी तुझी बायको घेती का?"

"माझी तर 'ए' म्हनती."

इंजिनाने लांब शिट्टी दिली. चांगुणाने डोळे मिटले, पदर डोक्यावर ओढला, रतनला घट्ट धरले, आणि घोकलेले काहीच नसताना कुठून कोण जाणे, तोंडातून आले:

"बोट लागली बारीला, गाडी लागली घोटीला,
गोरक्षनाथांची लेक आली बापाच्या भेटीला."

डब्यात असा काही कल्ला उठला की पुढच्या डब्यातले शिपाई काय झाले म्हणून खिडकीबाहेर लोंबकळू लागले. कुणी शीळ घातली, कुणी पेला बाकावर वाजवला, पंजाबातल्या एकाला काहीच कळले नव्हते तो सगळ्यात जास्त टाळ्या पिटत होता. उंच शिपाई मात्र हसता हसता थांबला.

"गोरक्षनाथ? राजूरचा? हनुवटीला खळी?"

"व्हय."

"झोपेत बैलांना हाका मारतो?"

चांगुणाचे कान लाल झाले. "मारत्यात."

"आरं तिच्या, आमच्याच कंपनीतला." त्याने रतनच्या हनुवटीकडे पाहिले आणि स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "मी राधाकृष्ण, नेवाशाचा. रजेवर आल्तो, आता माघारी चाललोय. पलटन आमच्या आधी निघाली मिसरातनं. आमी मागनं जाऊन गाठनार."

"कुठं?"

राधाकृष्णने इकडेतिकडे पाहिले. "सांगायची बंदी हाय. पन सगळ्या देवळालीला ठाऊक हाय. बारीला."

तेवढ्यात शिट्टी आणि कल्ला ऐकून कानिफनाथ धापा टाकत येऊन पोचले होते, मागे रंगुबाई. त्यांच्या कानावर शेवटचा शब्द पडला.

"बारीला?" ते ओरडले. "आरं मग हिकडं कुठं चाललाय? बारी मागं ऱ्हायली. ही गाडी मुंबैला जाती. उतरा, उतरा सगळे."

त्यांनी डब्याचे दारच उघडले. अंगावर पांढरे धोतर, आवाजात अधिकार. पंजाबातल्या त्या शिपायाला वाटले स्टेशनचा कुणी साहेब असेल. त्याने गुमान वळकटी उचलली आणि फलाटावर उतरला. त्याच्यामागे आणखी एकजण उतरला. कानिफनाथांनी त्यांना कळसूबाईचा डोंगर दाखवला. "त्या तिकडं. चालत गेलात तरी पोचाल."

राधाकृष्णला हसू आवरेना. तो खिडकीच्या चौकटीला धरून इतका हसला की खाली ठेवलेला पेला लवंडला. "आवो बाबा, ती बारी न्हाई. इटलीतली. समुद्रापल्याड. तिथं बोट लागती, उतरलं की रेल्वे."

"समुद्रापल्याड?" रंगुबाई म्हणाली. "आन् तिथं कळसूबाई हाय?"

"न्हाई."

"मग कसली ती बारी?" तिने तोंड फिरवले, पण पदराने डोळे पुसले ते सगळ्यांनी पाहिले. ज्याच्यासाठी पुरण शिजवले तो डोंगरापलीकडे नव्हताच, समुद्रापलीकडे होता.

कानिफनाथांच्या राखेच्या रेघेवर समुद्राचा तांब्या ओतला गेला होता. "पन बारीला उतरून रेल्वेनं फुडं, येवढं तर खरं ना?" त्यांनी विचारले.

"अगदी खरं," राधाकृष्ण म्हणाला.

"मग आपला हिशेब चुकला न्हाई. गाव तेवढं दुसरं निघालं." आणि उतरलेल्या शिपायांच्या वळकट्या त्यांनी स्वतः आत चढवून दिल्या.

चांगुणाला रडायला सवड नव्हती. तिने रतनला खिडकीतून आत दिले. "भावजी, हिला नीट बघून घ्या. त्यांना जाऊन सांगायची हाय."

राधाकृष्णने पोर हातात घेतली, जशी कुणी भरलेली बंदूक घ्यावी. रतनने आधी त्याच्या मिशीची परीक्षा केली, मग अंगठ्याची. त्याने हाय करून अंगठा झटकला. "दात हायेत की."

"तेच सांगा. खालचे दोन. वरचे याचेत." चांगुणा घाईघाईने बोलत होती. "चाक खड्ड्यात गेलं की हसती. पावसाला भिती न्हाई, शिंकेला भिती. झोपताना माझा कान धरती, डावाच. उजवा दिला तर रडती."

"डावा," राधाकृष्ण म्हणाला. त्याने ते शपथ घेतल्यासारखे म्हटले.

"आन्..." पण तो वास काही तिला सांगता येईना.

सिग्नल पडला. गाडीने एक गचका दिला आणि हलली, आणि रतन आत. रतन खदखदून हसली. तिला वाटले चाक खड्ड्यात गेले. इटलीला निघालेली त्या गाडीतली एवढी आनंदी दुसरी स्वारी नव्हती. चांगुणा गाडीबरोबर चालू लागली, मग पळू लागली. राधाकृष्णने पोर खिडकीतून खाली दिली, आणि ती हातात येता येता चांगुणाने तिच्या मुठीतली लाखेची बांगडी काढून त्याच्या हातात कोंबली.

"ही द्या त्यांना. दात हायेत हिच्यावर."

रतनने अशी किंकाळी फोडली की इंजिनाची शिट्टी फिकी पडली. रंगुबाईने पळता पळता पुरणपोळ्यांचे गाठोडे दारातून आत फेकले. "गोरक्षला द्या. बारीपतोर टिकतील का?"

"आई, कसाऱ्यापतोर बी टिकायच्या न्हाईत," आतून कुणीतरी म्हणाले.

आणि कानिफनाथ धोतर सावरत सगळ्यात शेवटी पळत होते. "त्याला म्हनावं, तिथं रेल्वेत बसताना इंजिनाजवळ बसू नगं, कोळसा डोळ्यात जातो. आन् वाट चुकला तर तोंड जिकडं ते फुडं."

गाडी वळणाआड गेली. बिबीजान पल्याडून रूळ ओलांडून आली तेव्हा तिची टोपली अर्धी झाली होती. शिपाई बायकांसाठी बांगड्या घेऊन गेले होते. मापे त्यांनी आपापल्या हाताने दाखवली होती, आणि ती सगळी चुकीची असणार याची तिला खात्री होती.

पावसाळा गेला. भात निघाला. लोंब्या झोडून झाल्या, सकाळचे धुके राजूरवर दुपारपर्यंत रेंगाळू लागले. एका बाजारच्या दिवशी बिबीजानने चांगुणाला लांबूनच हाक मारली. शमशेरकडून खबर होती. देवळालीत उतरलेल्या कुणी जखमी शिपायाने त्याला सांगितलेली. राधाकृष्णने पलटण गाठली होती. लाखेची बांगडी पोचली होती. गोरक्षनाथाने ती गळ्यातल्या नंबराच्या बिल्ल्याबरोबर ओवली होती. तिथल्या रेल्वेत एकदा समोर एक बाई तान्हे पोर घेऊन बसली होती. तिची बोली ह्याला येईना, ह्याची तिला येईना. त्याने ती बांगडी काढून दाखवली, दोन खड्ड्यांवर बोट ठेवले. बाईने आपल्या पोराचे ओठ उघडून दाखवले. तिच्या पोराला एकच होता.

"आन् इचारलंय," बिबीजान म्हणाली, "वरचे आले का?"

चांगुणाने रतनला पालात उतरवले. रतन आता चालत होती. म्हणजे पडत होती, पण पुढे पडत होती. बिबीजानने टोपलीतून एक लाल लाखेची बांगडी शोधून तिच्यापुढे धरली.

"चाव, बाई."

रतनने बांगडी घेतली. निरखून पाहिली. मग हातात चढवली आणि हात लांब करून आपणच आपल्याकडे बघून हसली.

"न्हाई गं, चाव," चांगुणा म्हणाली आणि चावून दाखवू लागली. रतनला हे आईचे वागणे बरे दिसले नाही. तिने बांगडी पाठीमागे लपवली. बिबीजानही चावून दाखवू लागली. बाजारातल्या दोन-चार बाया थांबल्या. बांगड्या खायची ही नवी काय तऱ्हा, म्हणून बघत राहिल्या. शेवटी बिबीजानने शेजारच्या पालातून गुळाचा खडा आणला आणि बांगडीला चोळचोळ चोळला. तेव्हा कुठे रतनने विचार केला, आणि वर दोन, खाली दोन, सगळा जोर लावून चावा घेतला.

थंडीने लाख कडक झाली होती. बांगडी कट्‌कन गेली आणि तिचे दोन तुकडे पालात पडले.

"वाढली," बिबीजान सवयीने म्हणाली.

चांगुणाने लेकीच्या तोंडातला लाखेचा कण बोटाने काढला आणि तिला उचलून घेतले. रतनने तिचा डावा कान धरला.

"व्हय," चांगुणा म्हणाली. "लई वाढली. शमशेर आला की त्याला येवढंच सांगा तिकडं कळवाय."